मदत हवी आहे: राज्याचं कर्ज नेमकं कशावर खर्च होतं, कुठे बघायचं?

आमच्याकडे वडिलांपासून कमळालाच मत, पण खर्चाचं बघून डोकं चक्रावलंय. २०२२ मध्ये मोदी स्वतः रेवडी कल्चरवर बोलले तेव्हा टाळ्या वाजवल्या आणि २०२४ ला इथे महायुतीने लाडक्या बहिणीचे १५०० चे २१०० करू म्हटलं, तर आघाडीने थेट ३००० (म्हणजे तिकडेही जायची सोय नाही!). २०२५-२६ च्या बजेटमध्ये या एकाच योजनेला ३६,००० कोटी. बायकोच्या खात्यात पैसे येतात त्यामुळे घरात बोलायचीही चोरी. तर कर्जातलं रस्ते-धरणांवर किती जातं आणि पगार, पेन्शन, व्याज, योजनांवर किती, हे बजेटच्या कुठल्या पुस्तकात सापडेल की कॅगचाच रिपोर्ट वाचावा? कोणी सीए असेल तर प्लीज सांगा, पक्षाची भांडणं नकोत.