नाव हॅम्बुर्गचं म्हणून हॅम्बर्गर जर्मनीचा?

खवय्या७८: काल इथे एकाने ठोकून दिलं, "नावच हॅम्बुर्गचं, म्हणजे पदार्थ जर्मनांचा. अमेरिकेने फक्त विकला." वाचून राहवेना. हॅम्बुर्ग स्टेक म्हणजे बीफच्या खिम्याचा थापलेला गोळा, ताटलीत घेऊन काट्या-सुरीने खायचा. तो ब्रेडमध्ये घालून हातात दिला अमेरिकेने. न्यू हेवनच्या लुई लासेनने, १९०० साली, घाईतल्या गिऱ्हाइकाला. लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानेही हे मान्य केलंय.

विस्कॉन्सिनकर: त्याच्या पंधरा वर्षं आधीचं आमचं विस्कॉन्सिनमधलं सेमूर गाव विसरलात? १८८५ च्या जत्रेत चार्ली नाग्रीनचे मीटबॉल खपेनात, कारण लोकांना ते हिंडताना खाता येईनात. पंधरा वर्षांच्या त्या पोराने ते चपटे करून ब्रेडमध्ये घातले.

टल्साची काकू: ब्रेडमध्ये घातलं की ते सँडविच! बन हवा. आमच्या ओक्लाहोमातल्या टल्सात ऑस्कर बिल्बीने १८९१ मध्ये बायकोने भाजलेल्या बनमध्ये दिला. १९९५ मध्ये गव्हर्नरनेच तसं जाहीर केलंय.

खवय्या७८: पुरावा? घरच्यांच्या आठवणी.

टल्साची काकू: लासेनचा पुरावा तरी दुसरा कसला आहे? आणि ब्रेडचं मला सांगू नका. मागे एका हॉटेलात ब्रेडमधला बर्गर घेतला. दोन घासांत खालचा तुकडा भिजून लगदा झाला, रस थेट मनगटावर. पंजाबीची बाही वाया गेली ती गेलीच.

खवय्या७८: तो ब्रेड भाजलेला नसणार. न्यू हेवनला टोस्ट असतो. तिथल्या उभ्या लोखंडी शेगडीत मांस दोन्ही बाजूंनी एकदम भाजतं. सोबत चीज, कांदा, टोमॅटो. केचप मागायचंच नाही. मी तिथे उभा राहून खाल्लाय, एक थेंब गळला नाही. न खाता नावं ठेवू नका!

टल्साची काकू: आवाज चढवून टोस्टचा बन होत नाही.

विस्कॉन्सिनकर: बन-ब्रेड पुरे. १८९६ च्या शिकागोच्या वर्तमानपत्रात हॅम्बर्गर स्टेक सँडविच पाच सेंटला मिळतं असं छापलंय. १९०० चं काय करायचं?

खवय्या७८: बरं. लासेन पहिला नव्हता, घेतलं मागे. टोस्टवरून हटणार नाही.

कालचा धागाकर्ता: पहिला कोण हे तुमचंच ठरेना. निदान स्टेक हॅम्बुर्गहून आला एवढं तरी कबूल करा.

टल्साची काकू: नाव आलं, स्टेक आला, कबूल. बन नाही आला.