मदत हवी आहे: जालना–वाळूज फेरीसाठी इलेक्ट्रिक ट्रक परवडेल का?

नमस्कार मंडळी. आमच्या मोठ्या दादांचे दोन जुने डिझेल ट्रक जालन्याच्या एमआयडीसीतून वाळूजला सळई नेतात. जाऊन-येऊन साधारण दीडशे किलोमीटर, येताना बहुतेक रिकामे. एक ट्रक आता बदलावाच लागणार आहे. मला मनापासून वाटतं की रोजच्या ठरलेल्या फेरीला इलेक्ट्रिकच योग्य. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते, पण निम्म्याहून जास्त इंजिनाच्या उष्णतेतच जाते. मोटर मात्र नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चाकांपर्यंत पोचवते, शिवाय ब्रेक लावताना थोडी परतही मिळते.

दादांचा जीव अडकलाय तो बॅटरीच्या वजनात. तेवढी सळई कमी भरावी लागली तर भाडं बुडतं, आणि त्यांचं हे म्हणणं मला पटतं.

भरल्या गाडीला किलोमीटरला दीड युनिट धरलं तर २५० ते ३०० युनिटची बॅटरी पुरेल का? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२च्या पुढे जातो, तेव्हा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचा अनुभव काय? रात्री गोदामात चार्जिंगसाठी महावितरणकडून किती भाराची जोडणी घेतलीत? केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह या इलेक्ट्रिक वाहन योजनेत ट्रकला कमाल ९.६ लाखांचं प्रोत्साहन आहे, पण जुनी गाडी भंगारात काढल्याचा दाखला लागतो. तो कुणी काढलाय का?

प्रत्यक्ष गाडी चालवणाऱ्यांनी, विशेषतः ड्रायव्हर भावांनी, जरूर लिहा. दादांना महिनाअखेरीस निर्णय घ्यायचाय.