थायरॉईडच्या पेशंटनी सरकारला जाब विचारूच नये का?

टेम्सकाठ:
परवा आमच्या थायरॉईडच्या औषधाच्या निवेदनावर गावठी_डॉक्टर यांनी लिहिलं, "पेशंट गुगल वाचून औषध ठरवणार, वर सरकारला निवेदनं देणार, मग आम्ही एमडी कशाला केलं?" तिथे उत्तर दिलं असतं तर त्या धाग्याचा विचका झाला असता, म्हणून हा वेगळा.

मी इंग्लंडात राहते. लायोथायरोनिनच्या, म्हणजे थायरॉईड कमी पडणाऱ्यांना देतात त्या टी-थ्री गोळीच्या पाकिटाला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, 2009 साली 20 पौंड मोजायची, 2017 साली 248. गोळी तीच. त्याच 2017 मध्ये फतवा निघाला की जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, ही सरसकट लिहू नये. 2019 मध्ये नाइसची, म्हणजे उपचारांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेची, गाइडलाइन आली: नेहमीच्या उपचारात देऊ नका, पुरावा अपुरा आहे. पेशंटनी विचारलं, पुरावा अपुरा की पैसे? 2021 मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने या किमतीबद्दल गोळी विकणारी कंपनी आणि तिच्या आधीच्या मालकांना मिळून 10 कोटी पौंडांहून जास्त दंड ठोकला. स्कॉटलंडच्या बायका तर टेस्ट आणि उपचारांबद्दल 2012 मध्येच याचिका घेऊन त्यांच्या संसदेत गेल्या होत्या. हे सगळं गुगलवाचन का?

गावठी_डॉक्टर:
किमतीची चोरी ती चोरीच, तिचं समर्थन मी कधी केलं? पण औषध महाग झालं म्हणून ते आपोआप गुणकारी ठरत नाही. थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची नेहमीची गोळी, अंगात आठवडाभर रेंगाळतं, टी-थ्री काही तासांत चढतं आणि उतरतं. डोस जास्त झाला की रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉईडला हुकूम देणारं संप्रेरक, तळाला, मग धडधड, हाडं ठिसूळ. दोन्ही एकत्र देऊन ज्या ट्रायल झाल्या, त्यांतल्या बहुतेकांत सरासरी फरक दिसला नाही.

टेम्सकाठ:
सरासरी! मी सरासरी नाहीये हो. टीएसएच नॉर्मल, तरी दुपारी जिना चढताना मध्येच बसायचे. जीपीच्या दवाखान्यात उत्तर काय, "वय होतंय." तेव्हा मी चाळिशीत होते. आता 20 मायक्रोग्रॅमची गोळी ओट्यावर सुरीने कापते, अर्धी पावडर बोटालाच राहते.

पेठकर:
म्हणून सांगतो, इकडे या. सकाळी उपाशीपोटी रक्त द्या, संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सॅपवर. गोळ्यांची बाटली कुठल्याही मेडिकलमध्ये. माझी बहीण दरवेळी बॅगेत वर्षभराच्या घेऊन जाते. कसलं निवेदन नि कसलं काय!

चकली_भाजणी:
काका, विषय टी-थ्रीचा आहे. तुमची बहीण नेते ते थायरॉक्सिन असणार, आणि इंग्लंडात हायपोथायरॉईड (थायरॉईड कमी) असलेल्यांना एक्झेम्प्शन सर्टिफिकेटवर प्रिस्क्रिप्शन फुकट आहे. फुकटची वस्तू बॅगेतून कशाला वाहायची?

पेठकर:
अपॉइंटमेंट मिळेपर्यंत माणूस म्हातारा होतो म्हणून!

चकली_भाजणी:
आणि इकडे चिठ्ठीशिवाय बाटली मिळते म्हणून माझ्या सासूबाई वर्षानुवर्षं तोच डोस घेत होत्या, टेस्टच नाही. दुधाच्या चहाबरोबर. वर कॅल्शियमची गोळी. मेडिकलवाल्याने एकदाही विचारलं नाही.

पेठकर:
सासूबाईंना चहा कोण देत होतं?

चकली_भाजणी:
हा प्रश्न तुम्ही मुलाला विचारला असतात का? संपादक, बघा जरा.

गावठी_डॉक्टर:
पेठकर, आवरा. पण चहाचं बरोबर आहे, चहा-कॅल्शियमबरोबर गोळी अंगात नीट शोषली जात नाही. अर्ध्या "औषध लागू पडत नाही"वाल्यांचा दोष गोळीत नसून शेजारच्या कपात असतो.

टेम्सकाठ:
झालं! फिरून खापर बाईच्या कपावरच. मी पहाटे पाण्याबरोबर घेते, तासभर तोंडात काही नाही. आता बोला.

अयोडिन:
मूळ रोग मिठात आहे. 1962 पासून सरकारचा गलगंड कार्यक्रम चालू आहे, 2000 साली साध्या, म्हणजे बिनअयोडिनच्या, मिठावरची बंदी उठवली, नंतर परत घातली. त्यावर कुणी धागा काढत नाही. माझा वाचा, सगळे डोळे उघडतील.

चकली_भाजणी:
अयोडिन आले, चला. हाशिमोटोला, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उलटतं त्या ऑटोइम्यून रोगाला, मीठ काय करणार?

गावठी_डॉक्टर:
टेम्सकाठ, तुमच्या पहाटेच्या पाण्याला नमस्कार. काही थोड्या पेशंटना दोन्ही मिळून बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. त्यांना आधीच ओळखायचं कसं, तिथे घोडं पेंड खातंय. तुमच्या निवेदनात "सर्वांना टी-थ्री द्या" असेल तर मी विरोधातच. "कुणाला उपयोग होतो ते शोधा, आणि नाकारायचं तर कारण लेखी द्या" असेल तर, ठीक आहे, एमडी असूनही सही करीन.

टेम्सकाठ:
आमच्या खासदाराला गेलेल्या पत्रात हेच दोन मुद्दे आहेत. त्या धाग्यावर पहिल्याच प्रतिसादात लिंक होती. ती उघडायच्या आधीच तुम्ही तुमची डिग्री काढलीत.

पेठकर:
लिंक परत द्या. बहिणीला पाठवतो.