माशाची ममी: पावसाळ्यात सोडा-मिठाचं प्रमाण काय?

दादरकर
आठवीच्या प्रकल्पासाठी इजिप्शियन पद्धतीने बांगडा सुकवायचा आहे. नेट्रॉनऐवजी घरगुती काय वापरावं, किती दिवस लागतील आणि मुंबईच्या जुलैत हे जमेल का? शिवाय ममीसोबत मांडायच्या, अवयव ठेवायच्या चार बरण्यांपैकी हृदयाची कोणती?

क्षारवाला
बांगडा नको. तेलकट मासा, सोड्याने चरबीचा साबण होतो आणि पोट बुळबुळीत राहतं. लहान मुडदुशी घ्या.

नेट्रॉन हा इजिप्तमधल्या वादी नत्रूनच्या तळ्यांकाठचा क्षार. त्यात सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट, मीठ आणि सोडियम सल्फेट असतं. घरी धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि बारीक मीठ समभाग घ्या. १०० ग्रॅमच्या माशाला दर खेपेस किलोभर तरी हवं. धुण्याचा सोडा खड्यांचा घेऊ नका. त्या खड्यांत वजनाच्या ६३ टक्के पाणीच असतं, ते माशाचं पाणी काय ओढणार! कोरडी सोडा ॲश पावडर घ्या. हातमोजे घाला, कातडी जळजळते.

पोट चिरून आतडी आणि कल्ले काढा, धुऊन कोरडं पुसा आणि आत मिश्रण ठासून भरा. ही पायरी गाळली की मासा बाहेरून कडक दिसतो, आतून मात्र कुजतो. खाली-वर दोन-दोन बोटं थर द्या आणि झाकण घट्ट लावा. उघडा डबा आपल्याकडे चालतच नाही: आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठच हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतं. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी मिश्रण बदला, पुढे दर आठवड्याला. पाच-सहा आठवडे धरा. सलग दोन आठवडे वजन सारखं भरलं की झालं. मासा खाऊ मात्र नका.

थीब्सप्रेमी
हृदयाची बरणी नसतेच. बरण्या चार देवांच्या: इम्सेतीकडे यकृत, हापीकडे फुप्फुसं, दुआमुतेफकडे जठर, केबेहसेनुएफकडे आतडी. माणूस, बबून, कोल्हा आणि ससाणा ही चार वेगळी मस्तकं नंतरच्या काळात रूढ झाली. तुतनखामुनच्या चारही झाकणांवर राजाचाच चेहरा आहे, तेव्हा प्रकल्प त्याच्यावर असेल तर प्राण्यांची तोंडं लावू नका.

हृदय शरीरातच ठेवत, कारण बुद्धी आणि स्मृती तिथेच असते असं ते मानत. मृतांचा देव ओसायरिस याच्या दरबारात ते सत्याची देवी मात हिच्या पिसासमोर तोललं जाई. अनुबिस देव तराजू पाही, थोथ देव निकाल लिही आणि हृदयाचं पारडं जड झालं तर अम्मित राक्षसी ते गिळून टाकी. म्हणूनच छातीवर हृदय-भुंगेरा, म्हणजे भुंगेऱ्याच्या आकाराचा ताईत, ठेवत. त्यावर कोरलेला मंत्र खुद्द हृदयालाच विनवतो, की माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. माझ्या मते प्रकल्पात बरण्यांपेक्षा हा भुंगेरा आधी हवा.

दादरकर
आणि मेंदू?

थीब्सप्रेमी
नाकातून आकड्याने काढून टाकत. त्याला बरणी नाही.

क्षारवाला
तक्त्यावर ‘७० दिवस नेट्रॉनमध्ये’ असं लिहू नका. ७० दिवस सगळ्या विधींचे मिळून. नेट्रॉनमध्ये सुमारे ४०, बाकीचे तेल, राळ आणि पट्ट्यांचे. शिवाय नेट्रॉन कोरडंच वापरत, पाण्यात कालवून नव्हे. तुम्हीही मिश्रणात पाणी घालू नका.

थीब्सप्रेमी
माशाची निवड अस्सल आहे, हे तक्त्यावर जरूर लिहा. इजिप्तमधल्या एस्ना इथे नाईल पर्च मासा पवित्र मानत आणि त्याच्या ममी करून पुरत.