गोव्यातल्या चोडणच्या पक्षी अभयारण्यात होडी नक्की किती वाजता मिळते?

म्हापश्याची सून: येत्या रविवारी रायबंदरहून फेरीनं चोडणला जायचं ठरतंय, सलीम अली अभयारण्यात. मी, हे, सासूबाई नि दोन पोरं. मागच्या वर्षी ११ ला पोचलो तर वहाळात पाणीच नाही, नुसता चिखल, होडीवाला म्हणाला आता संध्याकाळी या. पोरं रडकुंडीला, परत फेरी धरून घरी. कोणी टायमिंग सांगेल का?

चोडणचा जावई: वहिनी, घड्याळ नको, कालनिर्णय बघा :) खारफुटीतल्या वहाळात भरती असेल तरच होडी शिरते. आमचे सासरे तिथीला पाऊणनं गुणतात, एकादशी असली तर ११ ची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ, त्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी नि रात्रीही. अष्टमीला ६. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा आणि पाणीही जास्त चढतं. थोडं मागेपुढे होतं, म्हणून तासभर आधी धक्क्यावर हजर राहा. तुम्ही गेलात तेव्हा अष्टमीच असणार बघा.

खंड्या: होडीचं एवढं काय, पक्षी बघायचे तर सुकतीच (ओहोटी) बरी! चिखल उघडा पडला की बगळे, तुतारी पक्षी सगळे खायला उतरतात, भरतीत नुसती झाडं दिसतात (माझं मत, भांडू नका). पायवाटेवर गप्प उभे राहा, दोन मिनिटांत निवट्या चिखलावर उड्या मारायला लागतात, मासा असून. आणि एक नांगी भलीमोठी असलेले खेकडे, नर, ती नांगी वरखाली हलवत बसतात, माझ्या पुतण्याला तेच आवडलं, पक्षी राहिले बाजूला. कॉलरवाला खंड्या पण इथे दिसतो. सगळं मिळून १७८ हेक्टर, फार फिरायला नाही.

चोडणचा जावई: मग दोन्ही करा की, भरतीत होडी आणि पाणी उतरायला लागलं की पायवाट. डासांचं मलम न्या, आणि पोरांना भडक कपडे नकोत.

म्हापश्याची सून: बघितलं, रविवारी द्वादशी, म्हणजे ९ ची भरती, ८ ला धक्क्यावर. आता प्रॉब्लेम वेगळाच, सासूबाईंचा एकादशीचा उपास, त्यांचं पारणं झाल्याशिवाय घरातनं कोणी हलणार नाही. ५ ला कुकर लावते.