केळीबाग: शेजाऱ्याच्या नुकसानीतून काय कळलं?

इथे लिहायचा नियम एवढाच: जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात आणि आसपास दुसऱ्याच्या बागेत काय बिघडलं आणि का, ते लिहा. किती किलोची रास (घडाचं सरासरी वजन) पडली ते नको, ते पारावर रोज ऐकतोच.

रावेर: हरण्या, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूचा रोग. यावर औषध नाही, भो. पानांवर पिवळे पट्टे येतात, मग पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) सडतो. नेहमीची चूक म्हणजे रोगट झाड कोयत्याने जमिनीलगत कापणं. कंद आतच राहतो आणि त्याला फुटणारं पीलही रोगट निघतं. कंदासकट उपटा, बागेबाहेर नेऊन जाळा किंवा पुरा. पण उपटण्याआधी हा विषाणू पसरवणाऱ्या माव्यासाठी फवारा मारा. नाहीतर झाड हलताच पंखवाला मावा शेजारच्या झाडावर जाऊन बसतो. बागेत आणि बांधावर काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची नको, विषाणू त्यांच्यावरही जगतो. ढगाळ हवा आणि रिपरिप असेल तर कोवळी बाग रोज ओळीओळीने फिरून बघायची.

यावल: ‘मोटर तीन तास चालली’ हा पाण्याचा हिशेब नव्हे. ताशी 4 लिटरच्या ड्रिपरखाली बाटली धरा, 15 मिनिटांत 1 लिटर भरायला हवा. नळीच्या टोकाला 700 मिलिलिटरच येत असेल तर मे महिन्यात तीच झाडं आधी मान टाकतात. आणि लोक काय करतात? खत वाढवतात! आधी फिल्टर धुवा, नळ्यांची टोकं उघडून गाळ सोडा. ड्रिपरवर पांढरा क्षार दिसला तर आम्लप्रक्रिया करा.

चोपडा: वारा अडवायला बांधावर शेवरी किंवा गजराज गवत लावायचं ते केळीच्या आधी, फार तर सोबत. निसवण (घड बाहेर पडणं) सुरू झाल्यावर लावलेलं गवत कमरेएवढं होईपर्यंत वादळ येऊन बाग आडवी करून जातं.

मुक्ताईनगर: पारा 10 अंशांखाली जाणार असेल तर पाणी रात्री द्या. विहिरीचं पाणी तेव्हा हवेपेक्षा कोमट असतं. थंडीत निसवणारा घड खोडातच अडकतो, म्हणून लागवडीची तारीख आधी मोजा.

फैजपूर: विचारायचं असेल तर मालकाला नाही, सालदाराला (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला) विचारा. लागवड कधी, निसवण कधी, नांग्या (रोप मेलेल्या रिकाम्या जागा) किती भरल्या? मालक रास सांगेल. नांग्या सालदारानेच भरलेल्या असतात.