मदत हवी आहे: माझ्या टेस्टमध्ये क्रोमियम शून्य, लॅबच्या रिपोर्टात २२!

नमस्कार मंडळी,

मामांचा कोल्हापूरजवळ हार्ड क्रोमचा (धातूच्या भागांवर क्रोमियमचा कठीण थर चढवायचा) छोटा धंदा आहे. हायड्रॉलिकचे रॉड, साचे वगैरे. मी बीएस्सी केमिस्ट्री, दोन वर्षं त्यांच्याकडेच. जॉब टाकीतून काढून धुतला की रिन्सचं पाणी पिवळंधम्मक होतं. नवीन पोराला वाटावं कुणी सरबत केलंय. ते आम्ही नेहमीच्या रीतीनं साफ करतो. आधी आम्लात मेटाबायसल्फाइट, मग चुना टाकून गाळ बसवायचा. पण हा गाळ पोत्यांनी निघतो आणि घातक कचरा म्हणून वजनावर पैसे मोजून पाठवावा लागतो.

म्हणून डोक्यात किडा वळवळला, पाण्यातलं क्रोम धरायला उसाचं चिपाड वापरून बघू. शेजारच्या गुऱ्हाळावर चुलवाणात घालायला ढीग वाळत पडलेले असतात, पोतंभर मागितलं तर कोण नाही म्हणत नाही. पहिल्या खेपेला न धुता वापरलं आणि तिसऱ्या दिवशी ड्रमला ताडीसारखा वास. दुसऱ्या खेपेला तीनदा उकळून गोडवा काढला, वाळवलं, दळलं (आईनं मिक्सरला हात लावू दिला नाही, जुन्या बाजारातून आणला) आणि रव्याच्या चाळणीनं चाळून घेतलं.

१ लिटर रिन्स पाणी, त्यात हेक्सा क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) ५० मिग्रॅ. सल्फ्युरिकनं पीएच २ वर आणला, १० ग्रॅम चिपाड टाकलं आणि २४ तास ढवळत ठेवलं. गाळून डायफेनिल कार्बाझाइड (हेक्सा असेल तर गुलाबी होणारं रसायन) टाकलं तर गुलाबी छटासुद्धा नाही! मामा म्हणाले, मग टाकी बांधायला घेऊ का?

खात्रीसाठी नमुना बाहेरच्या लॅबला दिला. एकूण क्रोमियम लिटरला २२ मिग्रॅ. आपल्याकडे मर्यादा हेक्साला ०.१ आणि एकूण क्रोमियमला २. लॅबवाल्यांनी पुन्हा तपासलं, तोच आकडा. आणखी दोन गोष्टी दिसल्या. पाणी कोऱ्या चहासारखं झालंय आणि पीएच आपोआप २.४ वर गेलाय. लॅब चुकतेय, मी चुकतोय, की चिपाड वाढवायला हवं?

प्रतिसाद १

लॅब बरोबर आणि तुमची टेस्टही बरोबर. गोची अशी, की डायफेनिल कार्बाझाइड फक्त हेक्सा ओळखतं. तुमचा हेक्सा गेला हे खरं, पण सगळा चिपाडाला चिकटला नाही. बराचसा ट्राय (क्रोमियमचं दुसरं, कमी विषारी रूप) झाला आणि पाण्यातच राहिला.

आम्लात हेक्सा जबरदस्त ऑक्सिडायझर. चिपाडातलं लिग्निन त्याला इलेक्ट्रॉन देतं आणि त्याचा ट्राय होतो. ह्या अभिक्रियेत आम्ल खर्ची पडतं. तुमचा पीएच आपोआप चढला ना, ती ह्याचीच खूण. आता पीएच २ ला चिपाडाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आयन दाटीनं बसलेले असतात. हेक्सा तिथे ऋण भाराचा असतो, त्यामुळे तो ओढला जातो. ट्राय धन भाराचा, त्याला जागाच मिळत नाही. चिपाड दुप्पट केलंत तरी त्या पीएचला हेच होणार. ह्या विषयावरचे कितीतरी प्रबंध नुसती हेक्साची टेस्ट करून '९८ टक्के काढलं' म्हणतात, तेव्हा मला हसू येतं.

करून बघा: हेक्सा संपला की गाळून घ्या, पीएच ५ च्या आसपास आणा आणि नवीन चिपाड टाका. तिथे ट्राय बऱ्यापैकी धरला जातो. त्याच्या फार वर गेलात तर तो हायड्रॉक्साइड होऊन खाली बसू लागतो, आणि तुम्ही श्रेय मात्र चिपाडाला द्याल. पण मामांना आत्ताच सांगून ठेवा, चिपाड मेटाबायसल्फाइटचं काम (हेक्साचा ट्राय करणं) करेल, चुन्याचं (ट्राय पाण्यातून काढणं) पूर्ण नाही. शिवाय तो चहाचा रंग म्हणजे सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप). त्याचीही मर्यादा आहे, २५० मिग्रॅ.

आणि वापरलेलं चिपाड हाही घातक कचराच. ते गुऱ्हाळावर परत गेलं नाही ना? जाळलं तर धरलेल्या ट्रायचा काही भाग पुन्हा हेक्सा होऊ शकतो, आणि चुलवाणाची राख शेतात जाते.

प्रतिसाद २

वरच्यांनी केमिस्ट्री सांगितली, मी शॉपफ्लोअरवरचा माणूस. आधी पाण्यात एवढं क्रोम जातंच कशाला ते बघा. रॉड टाकीवर किती वेळ निथळवता? आमच्याकडे पोरं पाच सेकंदांत उचलायची. टांगायला एक आडवी दांडी लावली आणि फरक डोळ्यांना दिसला. दुसरं, पहिली रिन्स टाकी साचती ठेवा, म्हणजे तिचं पाणी वाहून जाऊ देऊ नका. हार्ड क्रोमचा बाथ ५०-५५ अंशांवर चालतो, रोज पाणी उडतंच. त्याची भर ह्या साचत्या पाण्यानं घाला. क्रोमिक ॲसिड तुमच्या पैशाचंच आहे की ओ! फक्त लोखंड आणि क्लोराइड साठत जातं, तेवढं तपासत राहा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मामांना वाचून दाखवलं. निथळायच्या दांडीवर लगेच 'उद्याच वेल्डरला बोलव' म्हणाले. मग एकदम गप्प झाले आणि विचारलं, 'ते चिपाडाचं पोतं कुठाय?'

शेडमागे होतं. खरं सांगतो, गुऱ्हाळवाल्याला जळणाला परत द्यायचं ठरलं होतं, त्याचा पोरगा रविवारी येणार होता. आता झाकणाच्या ड्रममध्ये भरून लेबल लावलंय. पीएच ५ चा नमुना सोमवारी लॅबला देतो, ह्या वेळी हेक्सा आणि एकूण दोन्ही. आकडे आले की इथेच टाकतो.

तोवर एक शंका. ड्रममधलं चिपाड ओलं आहे, म्हणजे वजनाचे पैसे पाण्यालाही जाणार. वाळवायला गेलो तर भुसा उडून नाकात जायची भीती. तुम्ही लोक ओलंच पाठवता का?